गोंदण देऊन घेतलेली शिंगं

एका राज्यात माणसाला तोंडावरून कुणी ओळखत नसे. वेशीवर पहारेकरी उभा असे. येणाऱ्याला तो म्हणे, “हात दाखव.” येणारा उजवी बाही वर सारी. कोपराखाली घराचं गोंदण असे: कुणाचा मोर, कुणाचा नांगर, कुणाची पाच पाकळ्यांची फुली. ते पाहून पहारेकरी म्हणे, “जा.” नवरा बारा वर्षांनी घरी परतला तर बायको आधी त्याचा हात बघे, मग हसे. जत्रेत लेकरू हरवलं तर दवंडीवाला त्याचा रंग सांगत नसे, त्याच्या हातावरचं गोंदण सांगे.

ही रीत राजा हेमकेताच्या आजोबांनी घातली. त्यांच्या काळात एका मायावी माणसाने राजपुत्राचं तोंड धारण केलं आणि नऊ दिवस गादीवर बसून राज्य केलं. दहाव्या दिवशी तो पकडला गेला. तेव्हा आजोबांनी आज्ञा केली, “तोंड खोटं, गोंदण खरं. पाचव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या हातावर त्याच्या घराचं गोंदण काढावं. एकदाच काढावं, दुसऱ्यांदा नाही. आणि जी गोंदणारीण परक्याच्या हातावर आपल्या घराचं गोंदण काढील, तिची बोटं छाटावीत.”

मग एके वर्षी राजाच्या पागेला आग लागली. राजगुरू आत शिरले आणि सात घोडे बाहेर काढून आले. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत जळाला. वनात राहून त्यांनी हात बरा केला, पण गोंदण गेलं ते गेलं. वेशीवर ते परत आले, तेव्हा ज्या पहारेकऱ्याला त्यांनी अक्षरं शिकवली होती तोच म्हणाला, “हात दाखव.” तीन दिवस ते वेशीबाहेर बसून राहिले. राजा तिथून गेला आणि म्हणाला, “चेहरा ओळखीचा वाटतो. पण खूण कुठे आहे?” तेव्हा गुरू बोलले: “ज्या डोळ्यांनी फक्त खूण बघायची ठरवली, त्या डोळ्यांना खुणेवाचून आपलं माणूस दिसणार नाही.” आणखी एक वाक्य ते बोलले, पण ते फार हळू होतं. कमानीवर बसलेल्या एका धनेश पक्ष्याशिवाय ते कुणी ऐकलं नाही. गुरूंनी प्राण सोडला, आणि शाप लागला.

त्या नगरात भिवरा नावाची गोंदणारीण होती. चौकातल्या पिंपळाच्या पारावर तिचा पाट असे. काजळ आणि माक्याचा रस खलून ती रंग करी आणि तीन सुया एकत्र बांधून टोची. निम्म्या नगराचे हात तिने गोंदले होते. तिच्या स्वतःच्या घराचं गोंदण होतं विंचवाची नांगी आणि तिच्याखाली तीन ठिपके. ते तिने आयुष्यात एकाच हातावर काढलं होतं: तिच्या लेकीच्या, सारजाच्या.

सारजा लहान होती तेव्हापासून दारातून जाताना वाकत असे. दार तिच्या दुप्पट उंच, तरी ती वाके.

“कशाला गं वाकतेस?” भिवरा विचारी.

“शिंगं लागतील.”

“कुठली शिंगं?”

सारजा कपाळाच्या वर, हवेत हात फिरवी. “ही.”

भिवरा हसे. शेजारणी हसत. पण सारजा मोठी झाली तरी वाकायची थांबली नाही. रात्री उशीवर डोकं टेकताना ती शिंगांना जागा सोडून टेके. सांबरांचा कळप टेकडीवरून जाताना दिसला की तिच्या कपाळाची दोन ठिकाणं ठणकत. पायातला काटा राहून जावा आणि वर कातडी जुळून यावी, तसा तो ठणका होता. तिने आईला सांगितलं. आईने कपाळाला सुंठीचा लेप लावला. लेप वाळला, गळून पडला, ठणका राहिला.

नगराबाहेर कातळाच्या डोंगरावर एक जोगीण राहत असे. तिला टाक्यांची जोगीण म्हणत. टाके घालायला तिला एका सुगरण पक्षिणीने शिकवलं होतं. जे अंगाला नाही पण मनाला आहे, ते ती अंगाला शिवून देई. कुणाला वाघाचे पट्टे, कुणाला माशाचे खवले, कुणाला करकोच्याची मान. विसाव्या वर्षी सारजा डोंगर चढून तिच्याकडे गेली.

जोगीण डोक्यापासून पायापर्यंत काळ्या वस्त्रात गुंडाळलेली होती. तिची फक्त बोटं दिसत.

“काय हवं?” तिने विचारलं.

“सांबराची शिंगं.”

“दुखेल.”

“आत्ताही दुखतंच आहे.”

“किंमत म्हणून घराचं गोंदण द्यावं लागेल. कातडीसकट.”

सारजाने हातावरच्या नांगीवरून अंगठा फिरवला. मग हसून म्हणाली, “घे.” कारण तिच्या मनात आलं: माझी आई गोंदणारीण आहे. रोज दहा हात गोंदते. माझा एक पुन्हा गोंदायला तिला कितीसा वेळ लागणार? गोंदणारणीच्याच लेकीला सुचावी अशी ही चूक होती. सुया घरातल्या, रंग घरातला, म्हणून गोंदणही घरातलंच, असं तिला वाटलं.

जोगिणीने तिला कातळावर निजवलं. वनात आपोआप गळून पडलेली एक जोडी तिने निवडली, सात टोकांची. कपाळाचं हाड उघडलं, शिंगं बसवली आणि आतड्याच्या तातीने एकशे आठ टाके घातले. तीन दिवस सारजा शुद्धीवर नव्हती. नवव्या दिवशी टाके विरले. ती उठून उभी राहिली, शिंगांचा भार मानेवर आला, आणि तिला रडू कोसळलं. जन्मभर रिकाम्या असलेल्या जागेवर कुणीतरी येऊन बसलं होतं.

ती धावत घरी गेली. भिवरा माका वाटत होती.

“आई, बघ.”

भिवराने वर पाहिलं. शिंगं पाहिली, तोंड पाहिलं, मग नजर हातावर गेली. तिथे तळहाताएवढा गुळगुळीत वण होता.

“कुणाची गं तू बाई?” ती म्हणाली. “पाणी हवंय का?”

“मी सारजा.”

“असं बोलू नये. माझी लेक नऊ दिवसांपासून घरी नाही.” भिवराने तिला पाणी दिलं आणि पुढे म्हणाली, “तू रानातून आलीस ना? तिकडे कुठे दिसली तर सांग. एवढी आहे, तुझ्याच उंचीची. आणि चालताना उगाच वाकते.”

सारजा पाणी प्यायली आणि नदीपलीकडे निघून गेली.

नदीपलीकडे जोगिणीने घडवलेले सगळे लोक राहत. नगर त्यांना घडीव म्हणे. ते नगरात येत, भाजी घेत, मोळ्या विकत, आणि त्यांचेच आईबाप त्यांच्याशी परक्यासारखे बोलत. सारजाच्या शेजारच्या खोपटात राजपुत्र विजयकेत राहत असे. सर्वांगावर वाघाचे पट्टे होते. तो राजाच्या पागेला गवत पुरवी.

“आज वडील बोलले माझ्याशी,” तो संध्याकाळी सांगे. “‘अरे गवतवाल्या’ म्हणाले. काल नुसतं ‘अरे’ होतं. प्रगती आहे.”

“तुला पश्चात्ताप होतो का रे?” सारजाने एकदा विचारलं.

“पट्ट्यांचा? कधीच नाही.” त्याने ओंडका चुलीत सारला. “पण जेवताना आईच्या हातचं वाढलेलं आठवतं. दोन्ही खरं आहे. तू एकच विचारलंस.”

अशी तीन वर्षं गेली. सारजा रोज सकाळी नदी ओलांडून चौकात जाई आणि पारापासून दहा पावलांवर उभी राही. भिवरा लोकांचे हात गोंदत बसलेली दिसे. दुपारी पाट उचलताना ती सारजाकडे बघून विचारी, “दिसली का गं?” आणि सारजा म्हणे, “नाही अजून.”

त्या राज्यात चैत्रात लेकी माहेरी जेवायला येत. तिसऱ्या चैत्रात सारजा मनाला आवरू शकली नाही, आपल्या घराच्या खिडकीशी गेली. आत पान मांडलं होतं. भिवरा वाढत होती, तिचे डोळे वाहत होते, आणि ती म्हणत होती, “सारजे, अजून घे. किती वाळलीस. बोलत का नाहीस?” पानावर काळ्या वस्त्रातली जोगीण बसली होती. तिची उजवी बाही वर होती आणि हातावर विंचवाची नांगी होती, खाली तीन ठिपके.

जोगीण जेवली, हात धुतला आणि निघाली. डोंगराच्या पायवाटेवर सारजा शिंगं रोखून तिच्यासमोर उभी राहिली.

“माझ्या पानावर जेवलीस.”

“जेवले.”

“का?”

जोगिणीने काळं वस्त्र सोडलं. तिच्या अंगावर स्वतःची म्हणावी अशी कातडीच दिसत नव्हती. दंड, पाठ, गळा, पोटऱ्या, सगळीकडे गोंदणं शिवलेली होती. मोरापुढे नांगर, नांगरापुढे मासा, माशापुढे फुली.

“मला टोपलीत घालून नदीकाठी सोडलं होतं,” ती म्हणाली. “मला गोंदायला घरच नव्हतं. वेशीच्या आत मला कुणी पाहिलं नाही. पाहिलंच नाही, सारजा. अंगावरून चालत जात. आता नऊशे घरं आहेत. रोज एका घरी जाते. तुझ्या घरी तीन वर्षांनी पाळी आली.”

“ते परत दे.”

“शिंगं परत दे, गोंदण परत घे. आत्ता शिवून देते. संध्याकाळी आईजवळ असशील.”

सारजाने दोन्ही हातांनी शिंगं धरली. आईच्या हातची आमटी, तिच्या पदराचा माक्याचा वास, सगळं हाताच्या अंतरावर होतं.  मग तिने हात खाली सोडले.

“शिंगं काढून मी गेले तर ती तिची सारजा असेल,” ती म्हणाली, “पण मी नसेन. मी दोन्ही घेऊन जाईन.”

“तसा रस्ता नाही.”

“मग शोधते.”

गुरूंचं शेवटचं वाक्य एका धनेशाने ऐकलंय असं घडीव लोक सांगत; त्याला शोधत ती वनात शिरली. तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी एका जुनाट शिरीषाच्या झाडावर तिला तो धनेश दिसला. म्हातारा झाला होता, पण चोच पिवळीधमक होती आणि चोचीवरचं शिंग तसंच मोठं होतं.

“तुझी शिंगं शिवलेली आहेत,” धनेश म्हणाला.

“हो.”

“माझं जन्मापासूनचं आहे. मला कुणी कधी विचारलं नाही, एवढं कशाला हवं म्हणून. तुला विचारत असतील.”

“रोज विचारतात. धनेशबाबा, गुरूंचं शेवटचं वाक्य तुम्हाला ठाऊक आहे म्हणतात.”

“आहे. पण मी कामात आहे. बायको ढोलीत बसली आहे. दार मातीने चिणून घेतलंय, पिसं गाळून टाकलीत. पिल्लं बाहेर येईपर्यंत तिचं सगळं मला बघायचंय. तीन कामं करून दे, वाक्य सांगतो. पहिलं: उत्तरेच्या टेकडीवर उंबर आहे, त्याची फळं आण.”

उंबराच्या बुंध्याला नाग वेढा घालून होता. जो येई त्याला तो एकच प्रश्न विचारी, आणि उत्तर चुकलं की डसे.

“तू माणूस की सांबर?” नागाने विचारलं.

“सारजा,” ती म्हणाली.

नागाने फणा एकीकडे कलता केला. “हे मला कुणी सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. “वरच्या फांदीची घे. खालची किडकी आहेत.”

तिने फळं आणून दिली.

“दुसरं,” धनेश म्हणाला. “ढोलीच्या दाराला भेग पडली आहे. डोहाच्या तळाची माती आण.”

डोहात आसरा, पाण्यातली देवता, राहत असे. सारजाने बुडी मारली, तळाशी पोहोचली, मूठभर माती घेतली आणि निघणार तोच आसरेने तिचं शिंग धरलं.

“थांब जरा. शंभर वर्षं झाली, केस विंचरायला खुंटी मिळाली नव्हती.”

आसरेने आपले केस सारजाच्या शिंगांवर पसरले आणि सावकाश गुंता सोडवला. दोन प्रहर लागले. आसरेच्या परवानगीने डोहात बसलेल्याला श्वासाची गरज लागत नाही, म्हणून सारजा निवांत बसून राहिली. केस मोकळे झाले तेव्हा आसरा म्हणाली, “तुझ्या आईने तुला अशी, शिंगांसकट, कधी विंचरलेली नाही ना?”

“अशी नाही.”

“विंचरील,” आसरा म्हणाली आणि तिला वर सोडलं.

सारजाने भेग लिंपली. धनेश म्हणाला, “आता तिसरं. उद्या पिल्लं अंडी फोडतील. मी लांब चारा आणायला जातो. तू बुंध्याशी बस. राखणीला बसलेल्याचा आवाज कानावर पडला तर पिल्लं आतच राहतात. कुणीही बोलो, तू बोलायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तशी लांबून हाक आली. “सारजे.” भिवरा होती. पाट घरी ठेवून ती रानात शोधायला निघाली होती. चैत्रात जेवून गेलेली लेक एक शब्द बोलली नव्हती, म्हणून. तिचे पाय काट्यांनी भरले होते. जवळ आली तशी तिची हाक बसलेली, घोगरी झाली होती. ढोलीच्या आत काहीतरी टकटकलं. सारजाने दोन्ही हात तोंडावर दाबले.

भिवरा झाडापाशी आली. हाक मारायचं थांबवून हळूच म्हणाली, “तूच होय. तू इथे कुठे?”

सारजाने तोंडावरचे हात काढले नाहीत.

“मुकी झालीस का? असो.” भिवरा तिच्याशेजारी टेकली, फडक्यातली भाकरी काढली, मोडली आणि मोठा तुकडा तिच्या हातात ठेवला. “तीन वर्षं पारापाशी उभी असतेस. मी कधी विचारलं नाही, तुझं कोण आहे. माझ्याच दुःखात असते.” तिने पायातला एक काटा उपटला. “तुझी आई असेल कुठेतरी. तीपण हाका मारत असेल.”

सारजाच्या हातातली भाकरी ओली झाली. भिवराने ते पाहिलं, तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि उठून परत वाटेला लागली. “सारजे,” ही हाक पुष्कळ वेळ झाडांमधून येत राहिली. ती विरली तेव्हा ढोलीतून दोन बारीक आवाज आले.

धनेश उतरला. त्याने ऐकलं, मग सारजाकडे पाहिलं. “गुरू असं बोलले होते,” तो म्हणाला. “‘ज्याचं या नगरात कुणीच नाही, अशाच्या हातावर ज्या दिवशी एखादं घर, परका आहे हे जाणूनही, आपलं गोंदण काढील, त्या दिवशी डोळे उघडतील.’”

“मग आईने माझ्या हातावर काढलं तर?”

“तुझं कुणीच नाही का?”

सारजाने मान हलवली. तिची आई होती. ज्याचं कुणीच नाही असं माणूस तिला एकच ठाऊक होतं.

ती कातळाच्या डोंगरावर गेली आणि जोगिणीला ते वाक्य सांगितलं. जोगीण हसली.

“आधी ही सगळी उतरवावी लागतील. एका घरासाठी नऊशे सोडू? आणि ते एक तरी मिळेल याची काय खात्री?”

“नाही खात्री.”

“बरी सौदेबाज आहेस.”

“त्या नऊशे घरांत तुला काय नावाने हाक मारतात?”

“ज्याच्या त्याच्या.”

“आणि तुझ्या?”

जोगिणीने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग तिने कात्री सारजाच्या हातात दिली आणि पाठ केली. “पाठीवरची मला पोहोचत नाहीत,” ती म्हणाली. “तू उसव.”

उसवायला तीन दिवस लागले. नऊशे गोंदणं टोपलीत भरली. जोगीण आता लाल, ओली, सोललेली दिसत होती. फक्त उजव्या कोपराखाली, विंचवाची नांगी सगळ्यांत आधी उसवली होती तिथे, ताजी कातडी आली होती. टोपली घेऊन दोघी वेशीवर गेल्या. पहारेकऱ्याने दोघींच्या हातांकडे पाहिलं आणि नजर फिरवली. घडिवांना आत जायला मनाई नव्हती, कारण त्यांना कुणी मोजतच नसे.

भिवरा पारावर होती. भर सकाळ होती, चौक भरलेला होता.

सारजाने सगळं सांगितलं. शाप सांगितला, गुरूंचं वाक्य सांगितलं, आणि काय हवं ते सांगितलं.

“माझी बोटं जातील,” भिवरा म्हणाली.

“जातील.” सारजा खोटं बोलली नाही.

“आणि माझ्या पदरात काय पडेल?”

“तुझी लेक दिसेल तुला.”

“कुठे आहे ती?”

“सांगितलं तर तुला पटणार नाही. एकदा सांगून पाहिलंय.”

भिवराने शिंगांकडे पाहिलं, पण त्यांखाली तिला आपली लेक दिसली नाही. मग तिने जोगिणीकडे पाहिलं. “हिने सोलून घेतलंय का अंग? कोण आहे ही?”

तेव्हा जोगीण पुढे झाली आणि पहिल्यांदाच त्या घराशी बोलली. “चैत्रात तुमच्याकडे जेवले ती मी. तुमची लेक नव्हे.”

भिवराच्या हातातल्या सुया थांबल्या. चौकातला गलका चालूच होता.  भिवरा बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

“सारजा आमटी भुरके मारून पिते,” ती म्हणाली. “सगळ्या आळीला ऐकू जातं. तू आवाज न करता जेवलीस. माझ्या कानांना तेव्हाच कळलं होतं. डोळे म्हणाले, गप्प बस, गोंदण आहे ना.” तिने खाली बघून विचारलं, “भात दोनदा मागून घेतलास. घरी शिजत नाही का?”

“शिजतो,” जोगीण म्हणाली. “पण अजून घे असं म्हणणारं कुणी नाही.”

“फसवलंस मला.”

“हो.”

“तीन दिवस मी त्या आनंदात होते. चौथ्या दिवसापासून रानात हाका मारत फिरले.”

“ठाऊक आहे. माफी मागायला तोंड नाही, म्हणून हात घेऊन आले.”

भिवराने डोळे पुसले. मग पाट सरळ केला, खलातला रंग ढवळला आणि म्हणाली, “बस.”

“बाई, राजाची आज्ञा,” शेजारचा फुलवाला कुजबुजला.

“माझ्या पाटावर बसलेल्याला मी कधी उठवलेलं नाही. नाव काय तुझं?”

“जोगीण.”

“तो धंदा झाला. नाव?”

“नाही कुणी ठेवलं.”

“मग गिरजा. सारजा आणि गिरजा, बरं वाटतं कानाला.” भिवराने तिचा उजवा हात गुडघ्यावर घेतला. “लोकहो, ऐका,” ती जरा मोठ्याने म्हणाली. “ही माझ्या पोटची नाही. मला हे पक्कं ठाऊक आहे. तरी हे गोंदण मी काढते आहे.” आणि तिने पहिली टोच मारली.

विंचवाची नांगी पुरी झाली तोवर फुलवाल्याने पहाऱ्याला वर्दी दिली होती. पहिला ठिपका काढला तेव्हा चौकाच्या टोकाला पहाऱ्याचा नाईक दिसला. दुसरा ठिपका काढला तेव्हा तो पारावर चढला.

“बाई, हात पुढे कर,” नाईक म्हणाला. त्याचं स्वतःचं गोंदणही भिवरानेच काढलेलं होतं.

“एक ठिपका राहिलाय.”

“आज्ञा आहे.”

त्याने तलवार उचलली. सारजाने डोकं खाली घातलं आणि आपली शिंगं आईच्या हातावर धरली. तलवार शिंगावर बसली. एक टोक तुटून पाटावर पडलं. सारजाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तिने डोकं हलवलं नाही. त्या शिंगांच्या छपराखाली भिवराने सुई रंगात बुडवली आणि तिसरा ठिपका काढला.

गोंगाट थांबला. नाईकाने समोर पाहिलं. गर्दीत एक खवल्यांची बाई पाण्याची घागर घेऊन उभी होती. ती त्याची धाकटी बहीण होती. त्याच्या हातून तलवार गळून पडली. पागेच्या दाराशी राजा हेमकेत गवतवाल्याशी बोलत होता. तो बोलता बोलता थांबला आणि वाघाच्या पट्ट्यांवर त्याने दोन्ही हात ठेवले. “विजयकेता,” राजा म्हणाला, “पाच वर्षं मी तुझ्याकडून गवत घेतोय.” राजपुत्र म्हणाला, “हो. आणि दर वेळी ओलं आहे म्हणून तक्रार करताय.” घरोघरची माणसं रस्त्यावर आली. करकोच्याच्या मानेभोवती, माशाच्या खवल्यांभोवती, नव्या कानांभोवती हात पडले. कुणी आपलं गोंदण टोपलीतून उचलून घेतलं, कुणी तसंच राहू दिलं. त्याच दिवशी राजाने आजोबांची आज्ञा मोडली. वेशीवरचा पहारेकरी दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्याला विचारू लागला, “कुठून आलात? दमलात का?”

पण हे सारं नंतरचं. त्या क्षणी पारावर भिवरा मान वर करून बघत होती. आधी तिने शिंगं पाहिली, मग कपाळावरचे टाक्यांचे वण, मग डोळे. तुटलेलं टोक तिने पाटावरून उचलून मुठीत घेतलं. बोटांवर रंग होता, तो सारजाच्या गालाला लागला.

“सारजे.”

“ओ.”

“हाड उघडलं होतं का गं यासाठी?”

“हो.”

“किती टाके?”

“एकशे आठ.”

भिवराने एकेका वणावरून बोट फिरवलं, मोजल्यासारखं. 

“मला का नाही बोलावलंस?” ती म्हणाली. “मी हात धरून बसले असते.”

जशी हिची आई हिला भेटली, तशी ज्याची त्याला भेटो. बोलणाऱ्याने बोलून संपवलं, ऐकणाऱ्याने आपापल्या माणसाकडे एकदा नीट बघावं.